मॅनिटूच्या ओल्या वाळूत

पहाटे ४:३०

कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे जुलैच्या मध्यात रेजिनात पाचच्या सुमारालाच सूर्य वर येतो. साडेचारला अंगणात पुरेसं दिसतं. गाडीत सामान भरायला दिवा लागत नाही.

काम असं आहे. इथल्या आमच्या मराठी कुटुंबांपैकी एका मुलीचं मंगळसूत्र शनिवारी लिटल मॅनिटू सरोवरात पडलं. गुडघाभर पाण्यातून लेकाला उचलताना त्याच्या मुठीत ते अडकलं आणि तार तुटली. तिने तिथल्या तिथे एक शहाणपणाची गोष्ट केली. जागेवरून न हलता फोनमधून किनाऱ्याचे दोन फोटो काढले, एक समोरचा आणि एक डावीकडचा. फोटोतले खांब आणि घरांची छपरं जुळवली की उभं राहायची जागा काही हातांच्या आत सापडते. वस्तू पाण्यात हरवलेल्या माणसाने पहिल्यांदा हेच करावं. शोधणाऱ्याचं निम्मं काम तिथे होतं.

माझी नोकरी कारखान्यातली मोजमापाची यंत्रं जुळवण्याची आहे. मेटल डिटेक्टर हा त्याच शास्त्राचा भाग, म्हणून लोक मला विचारतात. आजची रजा या कामासाठी काढली आहे.

गाडीत तीन यंत्रं आहेत. पहिलं माझं जुनं, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं. दुसरं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी पाठवणारं. तिसरं पल्स इंडक्शनचं, एका मित्राकडून मागून आणलेलं. गोड्या पाण्यावर जायचं असतं तर पहिलं एकटं पुरलं असतं. मॅनिटूचं पाणी समुद्रापेक्षा खारट आहे. समुद्रकिनाऱ्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं हे मला गेले कित्येक महिने वेगवेगळे लोक विचारत आहेत, आणि सगळ्यात जवळचा समुद्र इथून हजार किलोमीटरहून लांब आहे. या सरोवराच्या काठी मात्र त्या प्रश्नाचं उत्तर एका दिवसात मिळतं.

बाकीचं सामान: लांब दांड्याचं, भोकं पाडलेलं स्टेनलेस स्टीलचं फावडं, बारीक जाळीची प्लॅस्टिकची चाळण, कारण फावड्याच्या भोकांतून काळे मणी सहज निसटतील, दोरी, खुंट्या, हेडफोन, आणि पिंपभर गोडं पाणी. हे पाणी यंत्रांसाठी आहे.

सकाळी ५:१५

ती तिच्या घराच्या पायरीवर डबा घेऊन उभीच होती. नवरा मुलाला सांभाळायला घरी थांबला आहे.

महामार्ग ११ने उत्तरेकडे, लम्सडेनला क्वापेलच्या खोऱ्यात उतरून पुन्हा वर, आणि चेंबरलेनला महामार्ग २ धरायचा. दोन्ही बाजूंना कनोला पिवळाधमक फुललेला असतो. उजव्या हाताला, नजरेआड, लास्ट माउंटन सरोवर लांबच लांब पसरलेलं आहे. त्याच्या दक्षिण टोकाजवळ रेजिना बीच, आमच्या शहराची उन्हाळ्यातली ठरलेली जागा, आणि उत्तर टोकाला १८८७ साली राखलेलं पक्षी अभयारण्य, उत्तर अमेरिकेतलं पहिलं. शरद ऋतूत तिथे क्रौंच उतरतात. एवढी सुंदर जागा रस्त्यावरून दिसत नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

वाटेत तिने विचारलं, “काकू, सोन्याचं आहे म्हटल्यावर यंत्राला लगेच कळेल ना?”

मी तिला खरं ते सांगितलं. तिची अंगठी पडली असती तर काम बरंच सोपं होतं. अंगठी म्हणजे बंद कडं. डिटेक्टरच्या कॉइलमधून निघालेलं बदलतं चुंबकीय क्षेत्र त्या कड्यात गोल फिरणारा प्रवाह जागवतं, आणि त्या प्रवाहाचं उलट येणारं क्षेत्र यंत्राला ऐकू येतं. आपलं २२ कॅरेटचं सोनं इकडच्या १० किंवा १४ कॅरेटच्या दागिन्यापेक्षा वीज चांगली वाहतं, त्यामुळे तेवढ्याच मापाची आपली अंगठी जास्त ठळक बोलते. मंगळसूत्राची गोष्ट वेगळी. तुटलेल्या तारेत बंद वाट उरत नाही. मणी काचेचे, यंत्राच्या लेखी नसल्यासारखेच. राहिल्या दोन वाट्या, पातळ पत्र्याच्या आणि पोकळ. आज आपण मंगळसूत्र शोधत नाही, दोन वाट्या शोधतो आहोत, असं तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “एक माहेरची, एक सासरची. दोन्ही पाहिजेत.”

सकाळी ७:३०

वॉट्रस गावातून पुढे उतार लागतो आणि खाली सरोवर दिसतं. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या पाण्याने कोरलेल्या दरीतलं हे अरुंद पाणी. याला झरे येऊन मिळतात, बाहेर जायला वाट नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात: सोडियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमचे, त्यांत सल्फेटं भरपूर. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इथला खारटपणा त्याच्या तिपटीच्या आसपास सांगतात. बर्फ-पाऊस जास्त झालेल्या वर्षांत पाणी चढतं आणि खारटपणा उतरतो, म्हणून मी कोणत्याही आकड्यावर विसंबत नाही. आल्यावर यंत्रालाच विचारते.

या पाण्यात औषध आहे ही श्रद्धा फार जुनी आहे. देवीच्या साथीत इथे टाकून दिलेली माणसं पाण्याने बरी झाली, अशी आख्यायिका इथल्या आदिवासी लोकांत सांगतात. मॅनिटू हे त्यांच्या परंपरेतल्या महान शक्तीचं नाव. पुढे १९२०च्या दशकात आगगाड्या भरभरून लोक इथे यायला लागले. म्हणजे वाळूत शंभर वर्षांची हरवाहरव आहे.

गावाच्या कार्यालयाची परवानगी आधीच घेतली होती. हे टाळू नये. सस्कॅचेवानच्या वारसा मालमत्ता कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली पुरातत्त्वीय वस्तू सरकारची असते, ज्याला सापडली त्याची नाही. आपल्याकडेही १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. कालपरवा हरवलेला दागिना मालकासाठी शोधणं वेगळं, पण विचारून केलेलं बरं.

सकाळी ८:००

आधी कोरडी वाळू. माझ्या हातातली २२ कॅरेटची अंगठी दोऱ्याला बांधली, वितभर पुरली आणि तिन्ही यंत्रं वरून फिरवली. तिन्ही बोलली. जुनं यंत्र तर सगळ्यांत स्वच्छ बोललं. दुकानात किंवा घरामागच्या हिरवळीवर यंत्र पारखणारा माणूस इथेच फसतो, कारण कोरड्या जमिनीवर सगळी यंत्रं शहाणी असतात.

सकाळी ८:४५

मग चार पावलं पुढे, जिथे वाळू ओली आणि गडद आहे. जुनं यंत्र कॉइल हलवताक्षणी ओरडायला लागलं. खाली काहीही नव्हतं.

“काकू, वाजतंय!”

“वाजू दे. ते मीठ आहे.”

खारं पाणी वीज वाहतं. ओली वाळू म्हणजे कॉइलखाली पसरलेला एक मोठा, कमजोर वाहक, आणि डिटेक्टरला तो पातळ सोन्यासारखा किंवा चॉकलेटच्या चांदीच्या कागदासारखा वाटतो. कॉइल जरा वर उचलली, जरा तिरकी झाली की मिठाचा आवाज बदलतो, आणि यंत्र त्यालाच वस्तू समजतं. सेन्सिटिव्हिटी उतरवली की आवाज थांबतो, पण तोपर्यंत दोऱ्यातली अंगठीही गप्प झालेली असते.

जमिनीचा आवाज काढून टाकायला ग्राउंड बॅलन्स नावाची सोय असते. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्रात ती एका वेळी एकाच प्रकारच्या जमिनीला लागू पडते. लोहखनिजाची वाळू असेल तर तिच्यावर जुळवा, मीठ असेल तर मिठावर. दोन्ही एकत्र आली की किल्ली एक आणि कुलपं दोन. आपल्या कोकणात नेमकं हेच आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंड, नेवरे या किनाऱ्यांवर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटची काळी वाळू आहे आणि वर अरबी समुद्राचं मीठ. तिथे वाळूत अंगठी हरवलेल्या पाहुण्याच्या मदतीला कोणी एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र घेऊन गेला, तर दोष त्याच्या हाताचा नसेल.

जुनं यंत्र गाडीत ठेवलं. ते वाईट नाही, या जागेचं नाही.

सकाळी ९:३०

पल्स इंडक्शन. याची रीत निराळी. हे यंत्र सतत लहर पाठवत नाही. कॉइलमध्ये जोराचा धक्का देतं, प्रवाह एकदम तोडतं, आणि मायक्रोसेकंदांत मोजावा इतका वेळ थांबून मग ऐकतं. मिठात जागलेला प्रवाह फार लवकर विझतो, धातूतला जास्त वेळ रेंगाळतो. म्हणून दहा-पंधरा मायक्रोसेकंद थांबलं की मीठ बरंचसं गप्प झालेलं असतं. काळ्या वाळूचाही याला फारसा त्रास नाही. काळी वाळू आणि खारं पाणी एकत्र असतील तिथे मोठी अंगठी खोल शोधायला याच्यासारखं दुसरं नाही, आणि पाणबुडे लोक आजही याच जातीच्या यंत्रांवर विश्वास टाकतात. गॅरेटचं सी हंटर मार्क २ हे त्यांतलं एक, ६० मीटर खोलीपर्यंत चालतं.

दोन अडचणी मात्र आहेत, आणि आजच्या कामात दोन्ही आडव्या आल्या. पातळ सोन्यातला प्रवाहही जवळजवळ मिठाइतक्याच लवकर विझतो. मीठ गप्प करायला जास्त थांबावं तर पोकळ वाटीही गप्प. दुसरी अडचण लोखंडाची. हे यंत्र लोखंड आणि सोनं यांत भरवशाचा फरक सांगत नाही, त्यामुळे आवाज आला की खणायचं. शंभर वर्षं लाकडी धक्के बांधले आणि मोडले गेलेल्या किनाऱ्यावर खिळे किती असतील याचा अंदाज करा. तिने आणि मी आळीपाळीने खणलं. खिळे, केसांच्या पिना, बाटल्यांची बुचं, तंबूची खुंटी. ती एकदाही कंटाळली नाही. मीच थांबवलं, कारण हात दुपारसाठी राखायचे होते.

सकाळी ११:००

आता अनेक फ्रिक्वेन्सीचं. हे माझ्याकडे मिनेलॅबचं इक्विनॉक्स ८०० आहे. ही ऑस्ट्रेलियातली कंपनी, आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरण्याचं तंत्र तिने अनेक वर्षं घासूनपुसून आणलं आहे. आज तुर्कस्तानच्या नोक्ताचं लेजंड, फ्रान्सच्या एक्सपीचं डिअस २ अशी इतरही चांगली यंत्रं याच वाटेवर आहेत.

यांचं मर्म असं. फ्रिक्वेन्सी वाढवली की मिठाचा आवाज वाढत जातो, लोहखनिजाच्या वाळूचा फारसा बदलत नाही, आणि धातूचा तुकडा आपल्या जाडीप्रमाणे, मापाप्रमाणे तिसऱ्याच तऱ्हेने बदलतो. एकच फ्रिक्वेन्सी ऐकणाऱ्याला हे तीन आवाज वेगळे काढता येत नाहीत. खालची आणि वरची एकाच क्षणी ऐकून दोन्हींची तुलना करणाऱ्याला येतात. खाऱ्या ओल्या वाळूसाठी यंत्र घेताना बाकी सगळ्याच्या आधी हे बघावं. खोक्यावर किती इंच खोली लिहिली आहे, पडदा रंगीत आहे का, ते नंतर.

एक फसगत ओळखून ठेवावी. काही यंत्रांत अनेक फ्रिक्वेन्सींपैकी एक निवडता येते, पण ती एका वेळी एकच वापरतात. जाहिरातीत दोन्ही सारखंच वाचायला मिळतं. ओल्या खाऱ्या वाळूत निवडीची सोय कामाची नाही, एकाच वेळी चालणं कामाचं.

या यंत्रात किनाऱ्यासाठी दोन पद्धती आहेत. पहिली कोरड्या-ओल्या वाळूसाठी. दुसरी पाण्यात उतरण्यासाठी, तिच्यात यंत्र मुद्दाम कमी जोराने लहर पाठवतं. इथे मी काठावरही दुसरीच लावते, कारण इथलं काठावरचं मीठ समुद्रातल्यापेक्षा जास्त आहे. आधी आसपासच्या विजेचा आवाज काढून टाकायचा, मग ग्राउंड बॅलन्स, मग सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी खाली, यंत्र शांत होईपर्यंत. नवशिक्यांना सेन्सिटिव्हिटी उतरवायला जिवावर येतं. पण खडखडणाऱ्या यंत्राला वितभर खोलचं ऐकू आलं तरी माणसाला ते कळत नाही.

अंगठी पुन्हा पुरली. शांत यंत्रातून ती दोन्ही बाजूंनी फिरवताना सारखीच बोलली. हेच पाहिजे होतं.

दुपारी १२:३०

डब्यात थालीपीठ, लोणी आणि लसणाची चटणी. जेवताना समोर डान्सलँडची इमारत दिसते, १९२८ची. तिच्या नाचाच्या फरशीखाली घोड्याच्या केसांचा थर घातलेला आहे, म्हणून ती पावलाखाली हलकीशी झेप घेते. बाहेरगावचा कोणी आला की मी त्याला ती फरशी दाखवतेच.

तिने विचारलं की यंत्र लोखंड ओळखतं तर लोखंडाचा आवाज बंदच का करून टाकू नये. कॅनडात याचं एक कारण नाण्यांत आहे. २०००पासून इथली किरकोळ नाणी मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत आणि २०१२पासून एक आणि दोन डॉलरचीही. लोखंड बंद केलं की ती बहुतेक हुकतात. १९२० ते १९६७ मधली दहा आणि पंचवीस सेंटची नाणी बहुतांशी ८० टक्के चांदीची, ती मात्र खणखणीत बोलतात, या चिखलात काळी पडलेली असली तरी. आजचं कारण वेगळं: खिळ्याच्या शेजारी पडलेली पातळ वाटी खिळ्याच्याच आवाजात झाकली जाते. मी लोखंड बंद करत नाही, त्याला हलक्या, खर्जातल्या आवाजावर ठेवते, म्हणजे दोन आवाज एकमेकांना चिकटून आले तर कानाला कळतं.

दुपारी १:३०

फोटो जुळवून ती शनिवारच्या जागी उभी राहिली. तिच्याभोवती खुंट्या ठोकून दोरीने चौकोन आखला. सोनं पाण्याच्या कितीतरी पट जड, ते लांब वाहत जात नाही. या सरोवराला भरती-ओहोटीही नाही, समुद्राच्या मानाने ही मोठीच मेहेरबानी. कोकणात सहा तासांनी सगळी वाळू हललेली असते.

पाणी दाट आहे. मांडीच्या वर गेलं की ते पाय उचलायला लागतं आणि फावड्यावर जोर देता येत नाही. छातीइतक्या पाण्यात खणणं इथे जवळजवळ अशक्यच. गुडघ्यापर्यंत जमतं.

पाण्यात उतरताना यंत्राचं एक कलम पुन्हा वाचावं. इक्विनॉक्स ८०० तीन मीटर पाण्यापर्यंत चालतं, नवं ९०० पाच मीटर, डिअस २ वीस मीटर. मिनेलॅबचंच स्वस्तातलं व्हँक्विश, तेही अनेक फ्रिक्वेन्सीचं, पण त्याची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. ओल्या वाळूवरून चालणाऱ्याला ते पुरेसं आहे आणि पैसे वाचवणारं आहे. लाटेत उभं राहणाऱ्याने ते घेऊ नये, एक लाट पुरेल.

कॉइल तळाला समांतर, हळू, आधीच्या पट्ट्यावर निम्मी चढवत. सोडापाण्याच्या डब्यांच्या कड्या आल्या, सोन्याच्या अंगठीशी हुबेहूब आवाज. चांदीचे कागद आले. सोनं हवं असेल तर हे सगळं उपसावंच लागतं. अॅल्युमिनियम वगळणारा माणूस सोनंही वगळतो.

दुपारी ३:४०

चौकोनाच्या तिसऱ्या पट्ट्यात एक बारीक आवाज. पडद्यावरचा आकडा अगदी खालचा, मिठाच्या आकड्याला चिकटलेला, पण हलत नव्हता. उजवीकडून तोच, डावीकडून तोच, नव्वद अंशात वळून पुन्हा तोच. मीठ असं वागत नाही. ते कॉइल उचलण्या-टेकण्याबरोबर बदलतं.

फावडं खाली, हळू. वाळू सरळ चाळणीत ओतली. काळे मणी आधी दिसले, पाच-सहा, तारेत अडकलेले, आणि तारेच्या टोकाला वाटी.

ती पाण्यात खालीच बसली. मी यंत्र धरून उभी राहिले आणि तिला रडू दिलं.

दुसऱ्या वाटीसाठी यंत्र पुन्हा फिरवलं. काही नाही. सेन्सिटिव्हिटी एक पायरी वर, नुसता मिठाचा कल्लोळ. मग यंत्र काठावर ठेवलं आणि दोघींनी त्या खड्ड्याभोवतीची हातभर वाळू ओंजळीओंजळीने चाळली. बऱ्याच वेळाने दुसरी वाटी चाळणीत आली, दबलेली, उभ्या कडेवर. कडेवर उभा असलेला पत्रा कॉइलला जवळजवळ दिसत नाही, कारण प्रवाह फिरायला समोर पृष्ठभागच उरत नाही. आजच्या बाजारातल्या कोणत्याही यंत्राने इतक्या मिठात ती सांगितली असती असं मला वाटत नाही. जागा यंत्राने सांगितली, उरलेलं चाळणीने केलं.

“माहेरची कुठली गं?” मी विचारलं.

“ही दबलेली,” ती म्हणाली. “आईने दुकानातून आणली तेव्हाच तिला एक बारीक पोचा होता.”

सायंकाळी ६:००

पिंपातल्या गोड्या पाण्याने यंत्रं धुतली. कॉइलवरचं झाकण काढून आतली वाळू काढावी लागते, ती ओली खारट वाळू आत राहिली तर पुढच्या वेळी यंत्र उगाच बडबडतं. जोडांवरची रबरी कडी पुसली, दांड्याच्या खटक्यांतून पाणी सोडलं. पंधरा मिनिटं उन्हात ठेवला तर न धुतलेला फावड्याचा दांडा पांढरा झाला होता. उपसलेले खिळे, बुचं, कड्या सगळं पिशवीत भरून गावच्या कचऱ्यात. खड्डे सपाट केले. मुलं अनवाणी पळतात इथे.

रात्री ९:००

रेजिनाला पोचेतो सूर्य नुकता टेकत होता. तिच्या घरी चहा झाला. तिचा नवरा म्हणाला, “काकू, आम्ही चार घरं मिळून एखादं यंत्र घ्यावं म्हणतोय. दर वर्षी कोणाचं ना कोणाचं काही हरवतं. आणि डिसेंबरात गावी जाताना ते मालवणला नेऊ.”

मी त्याला सांगितलं: मालवणला न्यायचं असेल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी चालवणारं, आणि डबा पाण्यात चालणारं. पल्स इंडक्शन दुसरं यंत्र म्हणून घ्या, पहिलं नको, गजबजलेल्या किनाऱ्यावर ते खिळेच उपसायला लावेल. मधल्या मापाची कॉइल घ्या. मोठी कॉइल एका वेळी मोठ्या पट्ट्यातलं मीठ ऐकते. विमानात आणि आपल्याकडच्या कस्टममध्ये काय चालतं ते तिकीट काढायच्या आधी विचारा. उरलेल्या पैशांत चांगलं फावडं आणि चाळण.

आणि शिकायला नव्या यंत्रासाठी थांबायची गरज नाही. शनिवारी मुलांना घेऊन रेजिना बीचला या, मी माझं जुनं एका फ्रिक्वेन्सीचं आणते. तिथलं पाणी समुद्रासारखं खारं नाही, त्या वाळूत ते उत्तम चालतं.